संदर्भ मर्यादा

तळघरात मोबाइलला रेंज नाही, ते बरंच आहे.
स्टेशनात शिरणाऱ्या गाड्यांची थरथर तेवढी येते
फ्रीजरच्या पत्र्यातून. उणे ऐंशी.
आत तीनशे बारा माणसं, प्रत्येकी दोन मिली.
नावं नाहीत. आकडा, तारीख, बारकोड.

प्रश्न साधा आहे, साहेब म्हणतात.
आज काढलेल्या रक्तावरून सांगता येईल का
येत्या बारा महिन्यांत कोण
कळवळत कॅज्युअल्टीच्या दारात येणार,
कोणाची छाती भरणार,
कोण येणारच नाही.

मी खुणा मोजतो.
एलडीएच, म्हणजे फुटताना पेशी काय सांडून गेल्या
त्याचा हिशेब.
रेटिक, म्हणजे मज्जेनं शाळा अर्धी सोडवून
कामाला धाडलेली पोरं.
बिलिरुबिन, डोळ्यांत उतरलेलं हळदीचं पाणी.
आणि एफ.
एफ माझा लाडका.
आईच्या पोटातलं रक्त ते, वर्षभरात विसरायचं असतं.
काहीजण पुरतं विसरत नाहीत.
जेवढं आठवतं, तेवढं दुखणं कमी.

पुस्तकात विळा म्हणतात.
मला काचेवर दिसतात
कापून टाकलेली नखं.

एकशे सतराचं नाव मला ठाऊक नसायला हवं.
पण बाही वर करता करता ती स्वतःच सांगते,
रायकी वसावे, तालुका अक्राणी.
नव्या पेठेतल्या अभ्यासिकेत बसते बारा-बारा तास,
दोन लिटरची बाटली कुशीला,
डिसेंबरात मोज्यांवर मोजे.
'दादा, माझा निकाल काय?'
कुठला, मी विचारतो.
'जो आधी लागेल तो.'

एफ सहा. एलडीएच सहाशे ऐंशी.
तक्त्यात ती वरच्या, तांबड्या पट्टीत.
पट्टी सांगायची मुभा मला नाही.
मी म्हणतो, पाणी पीत जा.
ती बाटली हलवून दाखवते.

मशीन दुरुस्त होऊन आलं त्या दिवशी
तुलनेला निरोगी रक्त हवं होतं एक.
मी बाही वर केली.
सहा मिनिटांत आलेख.
ए चं शिखर जिथल्या तिथे,
आणि पलीकडे, सपाट रेघ यायची तिथे,
एस च्या खिडकीत उभं कुणीतरी.
सदतीस टक्के.
पुन्हा लावलं. पुन्हा सदतीस.

वाहक. म्हणजे मला काही होणार नाही.
जिना चढून रेंजमध्ये आलो, पवनीला फोन लावला.
बाबा, धम्मूला काय झालं होतं?
'वातच होता ना त्याले. थंडीचा वात.
रात रात तेल चोळत होती तुझी माय.'
मग म्हणाले, 'आता कायले?'

सात वर्षांचा होता.
त्याचं रक्त कुठल्या नळीत नाही,
कुठल्या पट्टीत तो मोडत नाही.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात रायकी दाखल झाली.
सलाईन, ऑक्सिजन, चार दिवस.
आमच्या आलेखात एक ठळक ठिपका.
खूण खरी ठरली, साहेब म्हणाले,
वाईट नव्हते ते, नुसते दमलेले होते.
पाचव्या दिवशी तिनं पेपर दिला,
हाताला पट्टी तशीच.
त्याला आमच्याकडे रकाना नाही.

काल आली. गोळ्या चालू होऊन आठ महिने.
एफ चौदा.
'वाढलं का दादा?'
मी रिकामी नळी उगाच उजेडाला धरली,
बराच वेळ धरून ठेवली.
ती माझ्या तोंडाकडे बघत होती, नळीकडे नाही.

आज कंट्रोलच्या रकान्यातून माझा नंबर खोडला.
निरोगी रक्त नवं शोधायला हवं.
'माझं घ्या की,' झुंबर शिपाई म्हणाला,
स्टूल ओढून बसला, मूठ आवळली.
शीर चांगली होती, जाड, समोरच.
स्पिरिटचा बोळा फिरवला,
आणि सुई तशीच हातात ठेवून विचारलं,
तुमचं मूळ गाव कोणतं?